टेबलावरचा टॉम

फोनवर चित्र उघडायचं आणि दोन बोटांनी मोठं करून त्याचा कोपरान्कोपरा बघायचा, ही सवय तुम्हाला असेलच. आज तसंच एक चित्र बघू. नुकतेच जेवला असाल तर मात्र थोडा वेळ जाऊ द्या.

गोल सभागृह आहे. मधोमध टेबल, टेबलावर एका तरुणाचं उघडं शव. गळ्यात फाशीचा दोर अजून तसाच. कवटीत एक स्क्रू पिळून बसवलाय आणि वरून दोर लावून मुंडकं उचलून धरलंय. एक जण सुरीनं डोळा काढतोय, दुसरा पायाशी बसून घोट्याजवळ चिरतोय, तिसऱ्यानं पोटात हात घातलाय. बाहेर आलेली आतडी एक माणूस बादलीत भरतोय. खाली पडलेलं काळीज एक कुत्रा खातोय. बाजूला मोठ्या भांड्यात कवट्या आणि हाडं उकळतायत. आणि या सगळ्यांच्या वर, उंच खुर्चीत न्यायाधीशासारखा बसलेला मुख्य सर्जन हातातली लांब काठी टेकवून शिकवतोय. हो, लेक्चर चालू आहे! भोवतीच्या विद्वानांपैकी काही जण आपसात बोलतायत. समोर जे चाललंय त्यानं कुणाच्याही चेहऱ्यावरची रेष हललेली नाही.

वेदनेनं पिळवटलेला चेहरा दिसतो तो एकाचाच. मेलेल्याचा.

हे चित्र विल्यम होगार्थनं १७५१ साली काढलं. नाव 'द रिवॉर्ड ऑफ क्रुएल्टी', म्हणजे क्रौर्याचं बक्षीस. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा दुसरा जॉर्ज होता. १७१४ पासून १८३० पर्यंत ओळीनं चार जॉर्ज झाले, म्हणून त्या काळाला जॉर्जियन म्हणतात. त्या काळात डॉक्टरांवर, शरीररचनेच्या वर्गांवर, मुडदे फाडण्यावर टोमणे मारणारी चित्रं पुष्कळ निघाली. पण त्या सगळ्यांचा बाप म्हणजे हे चित्र. आणि गंमत अशी, की ते काढणारा माणूस डॉक्टरांचा शत्रू नव्हता. एका मोठ्या हॉस्पिटलच्या कारभारी मंडळावर तो होता. तिथल्या भिंती त्यानं एक पैसा न घेता रंगवल्या होत्या. मग असं चित्र त्यानं का काढलं? त्यासाठी त्याच्या जन्माच्या गल्लीत जावं लागेल.

१० नोव्हेंबर १६९७. लंडनमधली बार्थोलोम्यू क्लोज नावाची गल्ली. पत्ता लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. गल्लीच्या जवळच स्मिथफील्डचा गुरांचा बाजार. म्हणजे हंबरणं, काठ्यांचे फटके, चिखल, शेण, रक्त. शेजारीच सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटल, ११२३ पासून चालत आलेलं, लोक त्याला नुसतं बार्ट्स म्हणतात. ऑगस्टमध्ये तिथेच मोठी जत्रा भरायची, त्यात नाटकं, कसरती, बाहुल्यांचे खेळ. आणि चालत जाण्याच्या अंतरावर न्यूगेटचा तुरुंग, जिथून फाशीच्या कैद्यांना गाडीत घालून टायबर्नला नेत. या पोराला मोठेपणी चित्रांसाठी विषय शोधत कुठे जावं लागलं नाही.

वडील रिचर्ड होगार्थ शाळामास्तर. लॅटिन भाषेचे पंडित. शाळेची पुस्तकं लिहिली, पण पैसा काही मिळाला नाही. मग त्यांनी एक कॉफीहाऊस काढलं. आयडिया काय, तर गिऱ्हाइकांनी तिथे बसून लॅटिनमध्ये गप्पा मारायच्या! आजच्या भाषेत सांगायचं तर स्टार्टअप बुडाला. कर्ज फिटेना म्हणून फ्लीटच्या तुरुंगाची वाट. त्या काळी कर्ज बुडवलं की तुरुंगात टाकत आणि बरोबर बायकापोरांचीही फरफट होई. विल्यम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. हे प्रकरण चार-पाच वर्षं चाललं. बाप सुटला, पण पुन्हा उभा राहिला नाही. १७१८ मध्ये वारला. पुस्तकविक्रेत्यांनी आपल्या बापाला पिळून घेतलं, हा राग मुलाच्या मनात कायम राहिला. त्या रागाचं पुढे काय झालं ते सांगतोच.

विल्यमला चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या एलिस गॅम्बल नावाच्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवलं. सात वर्षांचा करार. सरदारांच्या ताटांवर त्यांची घराण्याची चिन्हं कोरत बसायचं. पोरगं कंटाळलं. करार पुरा न करताच बाहेर पडून १७२० मध्ये त्यानं स्वतःचं दुकान मांडलं. दुकानाची कार्डं, जाहिराती, पुस्तकातली चित्रं, मिळेल ते काम. अॅकॅडमीत बसून जुन्या उस्तादांची नक्कल करण्यात त्याला रस नव्हता. रस्त्यावर बघायचं, डोक्यात साठवायचं, घरी येऊन काढायचं, ही त्याची रीत. एखादा भन्नाट चेहरा दिसला तर तो अंगठ्याच्या नखावर रेखाटून घ्यायचा म्हणे.

आता थोडं डॉक्टरांकडे येऊ. १७२६ मध्ये गॉडल्मिंग गावच्या मेरी टॉफ्ट नावाच्या गरीब बाईनं जाहीर केलं, की आपल्या पोटी ससे जन्माला येतायत. तुम्ही हसाल, पण राजाच्या पदरी असलेला सर्जन आणि शरीररचनातज्ज्ञ नॅथॅनिएल सेंट आंद्रे तिथे गेला, त्यानं तपासलं आणि हे खरं आहे असा निर्वाळा दिला. वर त्यावर पुस्तिकाही छापली. डिसेंबरात बाईनं फसवणूक कबूल केली. होगार्थनं लगेच चित्र काढलं. बाई कळा देतेय, जमिनीवर ससे पळतायत आणि भोवती पंडित मंडळी गंभीर चेहऱ्यानं सल्लामसलत करतायत. सेंट आंद्रेचं करिअर तिथेच संपलं. (बाईला काही दिवस तुरुंगात ठेवलं, नंतर सोडून दिलं.)

ही पहिली ओळख लक्षात घ्या. होगार्थला औषधाचा तिटकारा नव्हता. आपल्याला सगळं कळतं असा चेहरा करून समोरच्या माणसाकडे न बघणारा पंडित त्याला सहन होत नसे. 'अ हार्लट्स प्रोग्रेस' ही त्याची पहिली गाजलेली मालिका १७३२ साली छापून आली. खेड्यातून लंडनला आलेली एक मुलगी वेश्याव्यवसायात कशी ओढली जाते, त्याची सहा चित्रं. पाचव्या चित्रात ती मरतेय. शेजारी दोन डॉक्टर आहेत आणि कुणाचं औषध भारी यावरून त्यांचं जोरदार भांडण चाललंय. खुर्ची उलटलीय. मरणाऱ्या पोरीकडे दोघांचीही पाठ. १७३७ मध्ये त्यानं डॉक्टरांसाठी चक्क एक घराण्याचं चिन्ह काढलं आणि त्याला नाव दिलं अंत्यविधी करणाऱ्यांची कंपनी! त्यात वर तीन प्रसिद्ध भोंदू आणि खाली बारा पदवीधर, काठ्यांच्या मुठी हुंगत बसलेले. एक जण रोग्याच्या लघवीत बोट बुडवून चव घेतोय. वरच्या तिघांत आणि खालच्या बारांत फरक काय, हे होगार्थ तुमच्यावर सोडतो.

'हार्लट'चे हजाराहून अधिक संच विकले गेले. पण चोरून छापणारेही तुटून पडले. चित्र होगार्थचं, नफा दुसऱ्याचा. इथे तो बापाचा राग उफाळून आला. होगार्थनं इतर चित्रकारांना जमवलं, पार्लमेंटकडे अर्ज केला आणि १७३५ मध्ये चित्रकारांसाठीचा कॉपीराइटचा कायदा करून घेतला. चौदा वर्षं दुसऱ्या कुणी नक्कल छापायची नाही. पुढची मालिका 'अ रेक्स प्रोग्रेस' तयार होती, पण गड्यानं कायदा लागू होईपर्यंत ती बाजारात येऊ दिली नाही. या कायद्याला लोक होगार्थचा कायदाच म्हणत. तुमच्यापैकी जे डिझाइन किंवा अॅनिमेशन शिकतायत त्यांनी या माणसाला एक नमस्कार ठोकायला हरकत नाही.

मधल्या काळात लग्नही झालं होतं. राजाचा चित्रकार सर जेम्स थॉर्नहिल याची मुलगी जेन. सासऱ्याला विचारलं असतं तर नकार ठरलेला, म्हणून १७२९ मध्ये दोघांनी पळून जाऊन लग्न केलं. पुढे सासरेबुवा निवळले. या जोडप्याला मूल झालं नाही. टाकून दिलेल्या मुलांसाठी थॉमस कोरम या माणसानं लंडनमध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल काढलं, त्याचा होगार्थ पहिल्यापासूनचा विश्वस्त. तिथल्या पोरांना हे दोघं घरीही सांभाळत.

आणि बार्ट्स! १७३० च्या दशकात हॉस्पिटलची नवी इमारत झाली. भव्य जिना होता, त्याच्या भिंती रंगवायला एका व्हेनिसच्या चित्रकाराला बोलावणार अशी बातमी होगार्थच्या कानावर आली. आपल्या गल्लीतलं हॉस्पिटल आणि बाहेरचा माणूस रंगवणार? त्यानं सांगून टाकलं, मी फुकट करतो. १७३६-३७ मध्ये दोन प्रचंड चित्रं झाली. विषय बायबलमधले, येशू आजाऱ्याला बरं करतोय आणि वाटेत जखमी पडलेल्याला एक परका माणूस मदत करतोय. पण पहिल्या चित्रातले आजारी लोक बघा. सुजलेले, कुबड निघालेले, हाडं दिसणारे, आंधळे. आजही डॉक्टर मंडळी त्या भिंतीसमोर उभं राहून कुणाला कोणता आजार असेल याच्या पैजा मारतात. होगार्थनं दुखरं शरीर नीट, जवळून बघितलेलं होतं.

म्हणूनच चौदा-पंधरा वर्षांनी त्यानं काढलेलं फाडलेलं शरीर जास्त बोचतं.

१७५१ च्या सुरुवातीला होगार्थ त्रेपन्न वर्षांचा होता. नाव, पैसा, लेस्टर फील्ड्समध्ये घर, चिझिकला सुट्टीतलं घर, पग जातीचा लाडका कुत्रा ट्रम्प (नाव खरंच हेच, मी काही करू शकत नाही). पण लंडनच्या रस्त्यांवर जनावरांचे जे हाल चालत ते त्याला बघवत नव्हते. म्हणून फेब्रुवारीत 'फोर स्टेजेस ऑफ क्रुएल्टी' ही चार चित्रांची मालिका आली. दारूच्या नासाडीवरचं प्रसिद्ध 'जिन लेन' त्याच महिन्यातलं. चित्रं साध्या कागदावर एक शिलिंगला ठेवली, रेषा मुद्दाम जाड आणि ढोबळ, कारण ही चित्रं दिवाणखान्यांसाठी नव्हती. गाडीवान, खाटीक, उनाड पोरं यांच्यापर्यंत ती पोचावीत असं त्याला वाटत होतं. आणखी स्वस्त पडावं म्हणून लाकडी ठशांवर कोरून बघितलं, पण तो खर्च उलट वाढला आणि दोन ठशांवरच थांबला. गरिबाला शिलिंगही जडच, पण छापखान्याच्या दुकानांच्या खिडक्यांतून चित्रं फुकट बघायला गर्दी व्हायची.

मालिकेचा नायक टॉम नीरो. पहिल्या चित्रात तो सेंट जाइल्स वस्तीतला पोर. दंडावर त्या वस्तीची खूण शिवलेली, म्हणजे धर्मादाय मदतीवर वाढलेला. तो एका कुत्र्याला बाणानं छळतोय. एक चांगल्या घरातला मुलगा हातातला खाऊ पुढे करून कुत्र्याला सोड म्हणून विनवतोय. शेजारच्या भिंतीवर दुसऱ्या पोरानं कोळशानं फासावर लटकलेला माणूस काढलाय आणि खाली टॉमचं नाव लिहिलंय. दुसऱ्या चित्रात टॉम भाड्याची घोडागाडी हाकतोय. पैसे वाचवायला चार धष्टपुष्ट वकील एकाच गाडीत कोंबून बसलेत, गाडी उलटलीय, घोड्याचा पाय मोडलाय आणि टॉम त्या पडलेल्या घोड्याला बडवतोय. मागे भिंतीवर मुष्टियुद्धाची जाहिरात आहे, जेम्स फील्ड नावाच्या पहिलवानाची. हे नाव विसरू नका. तिसऱ्या चित्रात रात्र आहे. टॉमच्या नादानं मालकिणीच्या घरातली चांदी चोरून आणणारी अॅन गिल ही गरोदर मोलकरीण गळा चिरलेली पडलीय आणि गावकऱ्यांनी टॉमला धरलंय.

चौथं तुम्ही बघितलंच आहे.

त्यात आता पुन्हा एकदा फिरा. कुत्रा काळीज खातोय तो का, ते कळलं असेल. काढला जाणारा डोळा आणि दुसऱ्या चित्रात चाबकानं गेलेला घोड्याचा डोळा, यांचा हिशेब जुळतोय. मागच्या दोन कोनाड्यांत दोन सांगाडे उभे आहेत, एकमेकांकडे बोट दाखवत. वर नावं आहेत. एक जेम्स फील्ड, तोच पहिलवान, जो चित्र बाजारात यायच्या जेमतेम दहा दिवस आधी दरोड्यासाठी फासावर गेला होता. दुसरा मॅक्लेन, रुबाबदार वाटमाऱ्या, ज्याला आदल्या ऑक्टोबरात फाशी झाली आणि ज्याच्या खटल्याला लंडनच्या उच्चभ्रू बायका गर्दी करून गेल्या होत्या. म्हणजे बघणाऱ्याला ही काल्पनिक गोष्ट वाटतच नव्हती. कालपरवाची बातमी होती.

आता इथे थोडा इतिहास लागेल. आठव्या हेन्रीनं १५४० मध्ये न्हावी-सर्जनांच्या संस्थेला वर्षाला फाशीच्या चार कैद्यांची प्रेतं देण्याचा कायदा केला होता. (हो, न्हावी आणि सर्जन एकच संस्था. लंडनचे सर्जन त्यातून वेगळे झाले १७४५ मध्ये.) चार प्रेतांत शिकवायचं कसं? एक प्राध्यापक उंचावर बसायचा, एक-दोघं कापायचे, बाकीचे लांबून बघायचे. होगार्थचं सभागृह त्याच जुन्या पद्धतीचं आहे. पण १७४६ पासून विल्यम हंटर या स्कॉटिश डॉक्टरनं कॉव्हेंट गार्डनमध्ये खासगी वर्ग सुरू केले होते आणि पॅरिसच्या धर्तीवर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः फाडायला प्रेत देण्याची जाहिरात केली होती. विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं उत्तमच. मला विचाराल तर ज्या सर्जननं कधी स्वतः आत हात घातलेला नाही त्याच्याकडून मी तरी ऑपरेशन करून घेणार नाही. पण एवढी प्रेतं आणायची कुठून?

टायबर्नच्या फाशीच्या मैदानावर मारामाऱ्या होत त्या यामुळे. एकीकडे सर्जनांनी पाठवलेली माणसं, दुसरीकडे मेलेल्याचे आईबाप, भाऊ, दोस्त. त्यांची श्रद्धा अशी की शेवटच्या दिवशी मेलेले उठणार. मग शरीराचे तुकडे झाले तर उठणार कोण? दुसरी भीतीही होती. दोर घाईनं लावलेला असे, त्यामुळे माणूस पुरता मेलेला नसेही. १७४० मध्ये विल्यम ड्युएल नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा टायबर्नला फाशी देऊन सर्जनांकडे आणला होता, आणि धुऊन फाडायला घेणार तोवर तो श्वास घ्यायला लागला! मग त्याला फाशीऐवजी काळ्या पाण्यासारखं परदेशी धाडलं. आता टॉमच्या उघड्या तोंडाकडे पुन्हा बघा. लंडनच्या माणसाला त्या चेहऱ्यात काय दिसलं असेल?

आणि इथेच होगार्थचं चित्र त्याच्याच हातातून थोडं निसटतं, असं मला वाटतं. त्याला सांगायचं होतं की पोरांनो, कुत्र्याला छळाल तर शेवट हा असा होईल. पण काढता काढता त्यानं सर्जनांचे चेहरे असे काढले, की क्रौर्याची पाचवी पायरी म्हणजे हेच लोक की काय असं वाटायला लागतं. टॉम रागात, नशेत, लोभात क्रूर होता. हे लोक शांतपणे, सरकारी परवान्यानं, विग घालून काम करतायत. खुर्चीच्या वर राजाचं चिन्ह आहे. खुर्चीतला सर्जन म्हणजे बार्ट्सचाच जॉन फ्रीक असावा असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर होगार्थनं आपल्याच हॉस्पिटलच्या माणसाला तिथे बसवलं. त्याचा चिझिकचा शेजारी जॉन रॅन्बी हा तर न्हाव्यांपासून वेगळ्या झालेल्या सर्जनांच्या कंपनीचा पहिला प्रमुख. उद्या तुम्ही कॉलेजच्या भिंतीवर तुमच्याच प्राचार्यांचं व्यंगचित्र काढून बघा, म्हणजे हे किती धाडसाचं होतं ते कळेल. बघा म्हणजे, खरंच काढू नका.

तरीही होगार्थला टॉमची दया येत होती असं म्हणता येत नाही. ही शिक्षा चुकीची आहे असं तो कुठे सुचवत नाही. उलट या मालिकेचा त्याला भारी अभिमान होता. राफाएलची चित्रं काढल्यापेक्षा ही काढल्याचं मला जास्त समाधान आहे, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. आणि सरकारचाही हिशेब तोच निघाला. १७५२ मध्ये खुनाविरुद्धचा नवा कायदा लागू झाला. खुन्याला शिक्षा सुनावल्यावर दोन दिवसांत फाशी, तोवर फक्त भाकरी आणि पाणी, आणि फाशीनंतर प्रेत पुरायचं नाही. एक तर साखळदंडात टांगून ठेवायचं, नाही तर सर्जनांना फाडायला द्यायचं. नुसत्या मरणाला लोक भीत नाहीत, टेबलाला भितात, हे ओळखून केलेला कायदा. चौथ्या चित्रातली भीती आता कलमात आली.

त्याचा परिणाम उलटाच झाला. शवविच्छेदन म्हणजे खुन्याची शिक्षा, हे समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं. मग कोण शहाणा माणूस आपलं किंवा आपल्या माणसाचं शरीर आपणहून देणार? वर्ग वाढत गेले, खुनी पुरेनात, आणि प्रेतचोरांचा धंदा फोफावला. कायद्यातली फट मजेशीर होती. प्रेत ही कुणाची मालमत्ता नाही, त्यामुळे प्रेत उचलणं ही चोरी धरत नसत. कफन उचललं तर मात्र चोरी! म्हणून हे लोक थडगं उकरून प्रेत न्यायचे आणि कपडे पुन्हा आत टाकून जायचे. लुटली जायची ती बहुतेक गरिबांची थडगी, उथळ आणि बिनपहाऱ्याची.

होगार्थला हे सगळं बघायला मिळालं नाही. शेवटची वर्षं त्याची वाईट गेली. सौंदर्य कशात असतं यावर १७५३ मध्ये पुस्तक लिहिलं, नागमोडी रेषेचं त्यात फार कौतुक. विरोधकांनी त्याचीच व्यंगचित्रं काढून हैराण केलं. १७५७ मध्ये राजाच्या चित्रकाराचं पद मिळालं, जे एकेकाळी सासऱ्याकडे होतं. मग राजकारणात पडला. १७६२ मध्ये सरकारच्या बाजूनं एक चित्र काढलं आणि जॉन विल्क्स हा जुना मित्र उलटला; त्यानं वर्तमानपत्रात होगार्थला सोलून काढलं. होगार्थनं तिरळ्या विल्क्सचं असं चित्र काढलं की विल्क्स म्हटलं की आजही तेच डोळे आठवतात. भांडण दोघांनाही महागात पडलं. तब्येत ढासळली. १७६४ च्या एप्रिलमध्ये त्यानं शेवटचं चित्र काढलं, त्यात सगळं मोडलेलं, संपलेलं आहे, काळसुद्धा मरून पडलाय. २६ ऑक्टोबर १७६४ ला तो लेस्टर फील्ड्सच्या घरी गेला. चिझिकच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. जेन पुढे पंचवीस वर्षं जगली, नवऱ्याची चित्रं विकून; पार्लमेंटनं १७६७ मध्ये तिच्यासाठी खास वीस वर्षांचा कॉपीराइट मंजूर केला.

मागोमाग दुसरे आले. होगार्थ गेला तेव्हा सात वर्षांचा असलेला थॉमस रोलंडसन पुढे रॉयल अॅकॅडमीत शिकला, जिथे शरीररचनेचा प्राध्यापक स्वतः विल्यम हंटर होता. त्याच्या विच्छेदनाच्या चित्रात विद्यार्थ्यांची झुंबड आहे, घाई आहे, गलका आहे. हसायला जास्त येतं. अंगावर काटा मात्र होगार्थइतका येत नाही.

आणि मग एडिंबरा. १८२८ मध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी थडगी उकरायची कटकटच नको म्हणून सोळा जणांना ठार मारून प्रेतं शरीररचनेच्या वर्गाला विकली. बळी गरीब, भटके, कुणी विचारणार नाही असे. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली आणि लोकांसमोर त्याचं विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात उभा आहे, होगार्थच्या कोनाड्यातल्या दोघांसारखा. यानंतर १८३२ मध्ये अॅनाटॉमी अॅक्ट आला. शिक्षा म्हणून फाडणं बंद झालं. पण त्याऐवजी टेबलावर कोण आलं? दारिद्र्यगृहात मेलेले, ज्यांच्या प्रेतावर कुणी हक्क सांगितला नाही असे लोक. खुनी गेले, बेवारस आले. आपल्याकडचा १९४९ चा मुंबई शरीरशास्त्र कायदाही बेवारस प्रेतांवरच उभा राहिला. देहदानाची चळवळ ही त्यानंतरची आणि आपणहून केलेली गोष्ट. मेडिकलला पहिल्या वर्षाला असलेल्या मैत्रिणीला विचारा. आता बऱ्याच कॉलेजांत विच्छेदनाच्या पहिल्या दिवशी त्या शरीरापुढे उभं राहून शपथ घेतात.

एक शेवटची गोष्ट. होगार्थचं घर ज्या लेस्टर चौकात होतं, त्याच चौकात १७८३ मध्ये विल्यम हंटरचा धाकटा भाऊ जॉन राहायला आला. हाही नावाजलेला सर्जन. घरामागे त्यानं संग्रहालय उभारलं. त्याच वर्षी चार्ल्स बर्न हा आयरिश माणूस लंडनमध्ये बावीसाव्या वर्षी मेला. विलक्षण उंच होता, तमाशासारखा स्वतःला दाखवून पोट भरायचा. सर्जनांची नजर आपल्यावर आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून मला समुद्रात बुडवा असं त्यानं मित्रांना बजावलं होतं. हंटरनं पैसे चारले. बर्नचा सांगाडा दोनशेहून अधिक वर्षं काचेत उभा होता. २०२३ मध्ये हंटरच्या नावाचं संग्रहालय दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं, तेव्हा तो प्रदर्शनातून काढलेला होता. संशोधनासाठी मात्र अजून ठेवलाय.

तुमच्यापैकी कुणी मास्टर्सला लंडनला गेलं, तर त्या संग्रहालयात जाच. पण त्याआधी बार्ट्सला जा. तो जिना अजून आहे. भिंतीवरचे आजारी लोक सात-सात फुटांचे आहेत, खालून मान वर करून बघावे लागतात.